प्लेटिंगच्या स्लजमधून निकेल काढायचं म्हणता, पण परवडतं का?

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
नऊ वर्षं झाली वाळूजला प्लेटिंगमध्ये आहे, म्हंजे पार्टवर धातूचा मुलामा द्यायचं काम. रोज सांडपाण्याचा गाळ (स्लज) दाबणाऱ्या फिल्टर प्रेसमधून हिरवट केक पडतो, थापलेल्या गोवरीसारखा ओला, तो गोण्यात भरायचा अन् 90 दिवसांच्या आत रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या डेपोला पैसे मोजून पुरायला पाठवायचा. त्यात निकेल हाय भो, बाजारात किलोला हजाराच्या वर जाणारं! 2023 मध्ये केंद्रानं 30 क्रिटिकल मिनरलची, म्हंजे देशाला महत्त्वाच्या खनिजांची, यादी काढली, त्यात निकेल, आणि 2025 च्या सप्टेंबरात असल्या खनिजांच्या रिसायकलिंगला 1500 कोटींची स्कीम, ई-कचरा, लिथियम बॅटऱ्या वगैरेसाठी. मंग आपण पैसे देऊन कामून पुरतोय? सगळ्या प्लेटिंगवाल्यांनी मिळून एक प्लांट टाकावा.

जालना_भट्टी:
हिशोब करून बघा की. 100 किलो केकमध्ये 70 किलो नुसतं पाणी धरा. उरलेल्या 30 मध्ये निकेल 5 टक्के धरलं तरी दीड किलो. तेबी शुद्ध नाही, लोखंड, झिंक, क्रोम अन् ढीगभर चुन्यात मिसळलेलं. विरघळवायला अ‍ॅसिड लागंल, वेगळं करायला केमिकल, आणि शेवटी स्लज उरतोच. आमच्याकडं बी तीच गत. सळईसाठी भंगार वितळवतो, त्यात जीआय पत्रा, म्हंजे झिंकचा मुलामा दिलेला, आला की त्याचं झिंक 907 डिग्रीला उकळतं आणि भट्टी 1600 ला, म्हणजे सगळं धुरात, मग बॅग फिल्टरच्या धुळीत. ती धूळ विकावी म्हटलं, पण भंगाराचा लॉट बदलला की झिंकचा टक्का बदलतो, घेणारा आधी टक्का विचारतो अन् मग फोन उचलत नाही.

गंगापूर_शिवार:
तुमचं निकेल तुमच्याकडं ठेवा. प्लांट म्हणजे अजून अ‍ॅसिड, अजून टँकर. आमच्या बांधाजवळ एकानं "रिसायकलिंग" म्हणून बॅटऱ्या फोडायला घेतल्या होत्या, सहा महिन्यांत गाशा गुंडाळून गेला, विहिरीचं पाणी बैल तोंडाला लावंना. पुरलेलं निदान एका जागी तरी राहतं.

प्लेटिंग_मालक:
वाळूज आणि जालना, दोघंही बरोबर आहेत आणि खरं सांगायचं तर चूक आमचीच आहे. वेगवेगळ्या धातूंच्या तिन्ही लाइनचं धुण्याचं पाणी एकाच ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटात सोडतो. क्रोमला अ‍ॅसिडमध्ये मेटाबायसल्फाइट देऊन विषारी हेक्सा क्रोमचं कमी विषारी ट्राय करायचं, मग सगळ्यांवर चुना, की सगळं तळाला, रिपोर्ट क्लिअर. चुना स्वस्त, पण त्यानंच गाळ फुगतो. आता वेगळी पाइपलाइन टाकायची तर माझ्या शेडात खुर्ची ठेवायला जागा नाही, आणि वर 2016 च्या नियमांप्रमाणं कचरा वापरायची वेगळी परवानगी काढा, ट्रायल द्या. जॉबचा रेट मात्र कंपनी पैशाने वाढवत नाही.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
@जालना_भट्टी हिशोब मान्य, प्लांटचं जाऊ द्या. पण मग निकेल ईटीपीपर्यंत जाऊच कामून द्यायचं? निकेलचा बाथ, म्हंजे पार्ट बुडवायचं द्रावण, 55-60 डिग्रीला असतो, दिवसभर वाफ होऊन पाणी घटतं, आपण वरून भरतोच की. जिग, म्हंजे पार्ट टांगायची चौकट, बाथचं पाणी घेऊन बाहेर आली की आधी एका स्थिर टाकीत बुडवा, वाहतं पाणी नंतर, आणि त्या टाकीतलं हिरवं पाणी परत बाथमध्ये. टाकीला जागा किती, एका कॉटएवढी! आणि जिग बाथवर दहा सेकंद जास्त निथळू दिली तरी फरक पडतो, पण पीस रेटवर काम करणारा पोरगा थांबत नाही, त्याचं बी चूक नाही.

प्लेटिंग_मालक:
केलंय भाऊ. उन्हाळ्यात बोरचं पाणी वापरलं टाकीत, कॅल्शियम गेलं बाथमध्ये, जॉबवर खरखरीत दाणे, अख्खा लॉट रिजेक्ट. अख्खा बाथ फिल्टर करा, दोन दिवस लाइन बंद.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
बोरचं टाकलं मग काय होणार! बाथला आरओचं पाणी देताच ना, तेच टाकीला द्या.

गंगापूर_शिवार:
आन् आरओचं रिजेक्ट पाणी कुठं सोडणार ते बी सांगा, आमच्याच नाल्याला ना?

प्लेटिंग_मालक:
ते ईटीपीतच जाईल, नाल्यात नाही. सोमवारी जुनी टाकी धुऊन घेतो. पण निथळायचे दहा सेकंद पोराला तुम्ही समजवा, माझं ऐकत नाही तो.