मदत हवी आहे : सहखेळाडूची शंका आणि स्कोअरकार्डावरची सही

गोल्फच्या स्ट्रोक प्लेमधला (एकूण फटके, म्हणजे स्ट्रोक, मोजून खेळायच्या प्रकारातला) नियम ३.३ब(३) लावताना एक गाठ सुटत नाहीये. स्कोअरकार्डावर एखाद्या होलच्या फटक्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिला तर तोच कायम राहतो, कमी लिहिला तर खेळाडू बाद. अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ २०२४ मध्ये असाच बाद झाला. पार ३ (तीन फटके अपेक्षित असलेल्या) होलवर ४ ऐवजी ३ लिहून सही केली होती. दंडाची कल्पनाच नसल्यामुळे आकडा कमी पडला असेल, तर मात्र अपवाद आहे : स्पर्धेची समिती फक्त ते दंडाचे स्ट्रोक वाढवते.

आता प्रसंग असा. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) सरावाच्या स्विंगला क्लब वाळूला लागला (१२.२ब, दोन स्ट्रोक). मार्कर (त्याचा स्कोअर लिहिणारा सहखेळाडू) म्हणतो, "लागला वाटतं." खेळाडूला मनापासून खात्री की नाही लागला. समितीला न विचारता तो कार्ड देतो. मग व्हिडिओत साध्या डोळ्यांनाही दिसेल असा स्पर्श आढळतो.

दंड लागू शकतो असं खेळाडूला आधी सांगितलं असूनही त्याने कार्ड देण्यापूर्वी समितीला विचारलं नसेल, तर अपवाद मिळत नाही. मग मार्करचं हे पुटपुटणं "सांगितलं" यात मोडतं का? की ते रेफरीनेच सांगायला हवं? दोन स्ट्रोक की थेट बाद? नियमाच्या खुलाशासह उत्तर हवं, अंदाज नको.