विषय: लग्नानंतरही विवाहसूचक सेवेवर राहिलेली माहिती

प्रेषक: एक सभासद, स्टुटगार्ट

सर्व सभासदांस नमस्कार.

माझे माहेर नागपूरचे, प्रतापनगरातले. लग्नाआधी बाबांनी तेथूनच माझे नाव एका ऑनलाइन विवाहसूचक सेवेत नोंदवले होते. पत्रिका, छायाचित्रे, शिक्षण, येथील नोकरी आणि पगार हे सारे त्यांनीच भरले. लग्न झाल्यावर खाते बंद केले, असे आम्ही समजत होतो. अलीकडे मात्र बाबांच्या मोबाइलवर पुन्हा स्थळांची विचारणा सुरू झाली आहे आणि माझ्या मावसबहिणीला माझे छायाचित्र त्याच सेवेवर दिसले. विचारणा केली की "खाते निष्क्रिय आहे" एवढेच उत्तर येते. मी भारताबाहेर राहते, कंपनी भारतातली आहे आणि नोंदणी बाबांच्या हातची आहे. अशा स्थितीत ही माहिती पुसून घेण्याचा हक्क मला आहे का, आणि असल्यास तो कोणत्या देशाच्या कायद्याने? नागपूरच्या वकीलकाकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: वकील सभासद, नागपूर

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

हक्क तुम्हाला आहे. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणूस कोठे राहतो यापेक्षा त्याच्या माहितीवर प्रक्रिया कोठे होते, हे पाहतो. त्यामुळे कंपनी भारतात बसून तुमची माहिती साठवत आणि दाखवत असेल, तर तुम्ही जर्मनीत आहात एवढ्यावरून तिला हात झटकता येणार नाहीत. (परदेशी कंपनीशी केलेल्या करारानुसार बाहेरच्या लोकांच्या माहितीचे जे काम नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी चालते, त्याला या कायद्याने बरीच सूट दिली आहे. तुमचे प्रकरण त्यात मोडत नाही.)

अडचण वेळेची आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती मागण्याचे, दुरुस्त करून घेण्याचे व पुसून घेण्याचे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायचे आहेत. त्याआधी केवळ या कायद्याचा हवाला देऊन पत्र पाठवले, तर समोरचा वकील ते पहिल्याच उत्तरात परतवून लावेल. म्हणून तूर्तास 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा आधार घ्या. त्यांनुसार अशा सेवेने तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर ठळकपणे दिला पाहिजे, तक्रारीची पोच 24 तासांत दिली पाहिजे आणि तिचा निपटारा 7 दिवसांत (फेब्रुवारी 2026 पूर्वी ही मुदत 15 दिवसांची होती) केला पाहिजे. निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी तुम्हाला वा बाबांना कोणत्याही कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

नोंदणी बाबांनी केली, हे तुमच्या विरोधात जात नाही. सज्ञान व्यक्तीच्या माहितीवर हक्क तिचाच असतो. तक्रार तुमच्या नावाने करा आणि त्याच मजकुराचे एक पत्र बाबांच्या नोंदणीकृत ई-मेलवरूनही पाठवा, म्हणजे ओळख पटवण्याच्या नावाखाली आणखी कागद मागायला फारशी जागा उरणार नाही. आधार मागितलेच, तर शेवटचे चार अंकच दिसणारी मास्क केलेली प्रत द्या.

"निष्क्रिय" या उत्तरावर मात्र मुळीच थांबू नका. खाते बंद करण्याच्या पानावर बहुधा दोन पर्याय असतात: प्रोफाइल लपवणे आणि प्रोफाइल डिलीट करणे. पहिल्याने नाव शोधात दिसेनासे होते, माहिती जागच्या जागी राहते आणि कोणी पुन्हा लॉगिन केले की सारे पूर्ववत उघडते. पत्रात स्पष्ट विचारा की तुमची कोणती माहिती त्यांच्याकडे आहे, ती आणखी कोणाला दिली आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत पुसली जाईल. पैसे भरल्याच्या काही नोंदी त्यांना कायद्याने ठेवाव्या लागतील, हे मान्य. छायाचित्र, पत्रिका आणि बाबांचा मोबाइल क्रमांक ठेवण्याचे मात्र काहीच कारण उरलेले नाही.

आपल्याकडच्या बायोडेटात काय असते, ते एकदा परक्याच्या नजरेने वाचून पाहावे. जन्मतारीख, मिनिटापर्यंत जन्मवेळ, वडिलांचा हुद्दा, घराचा पत्ता आणि मामकुळ, म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव या दोन गोष्टी विचारूनच कित्येक बँका फोनवर ग्राहकाची ओळख पटवत आल्या आहेत. स्थळ पाहणाऱ्याला जे विश्वासाने दिले, ते फसवणूक करणाऱ्याच्याही तितकेच कामाचे आहे, म्हणून मला ही बाब केवळ नकोशा फोनची वाटत नाही.

आता युरोपच्या बाजूने. संकेतस्थळ जर्मनीत उघडते, एवढ्याने जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा, लागू होत नाही. पण त्या सेवेने युरोमध्ये शुल्क ठेवले असेल किंवा जर्मनीतील स्थळांची जाहिरात करून तिथल्या लोकांना ग्राहक करून घेतले असेल, तर तो लागू होतो. मग कलम 15 खाली माहितीची प्रत आणि कलम 17 खाली ती पुसण्याची मागणी करता येते. उत्तर विनामूल्य आणि एका महिन्यात द्यावे लागते, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने मिळतात. टाळाटाळ झाली, तर बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या माहिती संरक्षण आयुक्तांकडे तक्रार करा. शुल्क भरल्याची पावती आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा.

प्रेषक: मंडळाचे कार्यवाह

काका, या निमित्ताने एक शंका विचारतो. आपल्या व्हॉट्सअॅप गटात सभासद ओळखीच्या मुलामुलींचे बायोडेटा पुढे पाठवतात. तेही या कायद्यांत येते का? शिवाय गणेशोत्सवाच्या नोंदणीत आपण मुलांची वये आणि सर्वांचे पत्ते घेतो, आणि मागील वर्षांचे तक्ते अजून तसेच आहेत.

प्रेषक: वकील सभासद, नागपूर

निव्वळ घरगुती कारणासाठी एखाद्या मावशीने भाच्याची माहिती पाठवली, तर दोन्ही कायदे तिला वगळतात. मंडळाला मात्र ही सवलत मिळणार नाही, कारण नोंदणीकृत संस्था म्हणजे घर नव्हे. गटावर बायोडेटा टाकण्याआधी त्या मुलाची किंवा मुलीची स्वतःची संमती घ्यावी, असा नियम करावा. आईवडिलांची परवानगी त्या जागी चालवू नये. नोंदणीच्या अर्जावर माहिती कशासाठी घेतली आणि किती काळ ठेवली जाईल, हे लिहावे. पत्ता कशाला लागतो याचे उत्तर समितीकडे नसेल, तर तो रकानाच काढून टाकावा. जुन्या तक्त्यांतून हिशेबाला लागणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून बाकीचे पुसावे, आणि ज्या सभासदांनी ते आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले आहेत, त्यांच्याकडूनही तसे लेखी कळवून घ्यावे.