अ‍ॅलेक गिनेसचा गोडबोले: बहुरूपी इथेच उघडा पडला का?

तिसरी_घंटा
काल रात्री डेव्हिड लीनचा 'अ पॅसेज टू इंडिया' (1984) पुन्हा पाहिला आणि पुन्हा तिथेच अडलो. प्राध्यापक नारायण गोडबोले. आडनाव आपल्या आळीतलं, मूळ कादंबरीत तर चक्क दख्खनी ब्राह्मण. आणि पडद्यावर कोण, तर तपकिरी रंग फासलेले इंग्रज नट सर अ‍ॅलेक गिनेस!

माणूस माझा लाडका, म्हणून जास्त खुपतं. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (1949) त्यांनी एकाच खानदानातली आठ माणसं एकट्याने केली, त्यात एक बाईसुद्धा, आणि आठही वेगळी कळतात. इथे मात्र फेट्याखाली गिनेसच दिसतात. माझं मत: ही भूमिका त्यांनी नाकारायला हवी होती.

उशिरा_आलेला
आठ सोंगांचं कौतुक, आणि नववं सोंग आपल्या आळीतलं निघालं की राग? 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त (1962) त्यांनी अरब राजपुत्र फैजल केला, तो बरा चालतो तुम्हाला! अरबांची ढब आपल्या कानाला ठाऊक नाही, एवढंच त्याचं कारण. आणि परक्याचं सोंग आणायचंच नाही, तर बालगंधर्वांचं काय करायचं?

तिसरी_घंटा
फैजलचा टोला बसला, कबूल. गंधर्वांचा नाही. त्यांची भामिनी थिएटरातल्या बायका पारखून घेत होत्या, वर त्यांच्यासारखं नेसत होत्या. या गोडबोल्यांना पारखायला आळीतलं कोण होतं?

विंगेतली
मराठी नट मिळत नव्हते म्हणाल, तर दोनच वर्षं आधी अ‍ॅटनबरोच्या 'गांधी'त गोखले डॉ. लागूंनी केले होते. त्यात मिशीपलीकडे काही चिकटवायची गरजच पडली नाही. लीनला नट हवा नव्हता, त्याला गिनेस हवे होते. सहावा चित्रपट होता दोघांचा एकत्र.

उशिरा_आलेला
मग दोष लीनचा. मूळ कादंबरीचा लेखक फॉर्स्टर 1921 मध्ये देवासच्या पवार महाराजांचा सचिव होता. मराठा संस्थानातली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली. म्हणून तर कादंबरीतला गोडबोले तुकारामाचा गजर करत नाचतो. गिनेसचा नाच चित्रितही झाला होता, संकलनात उडाला. नाच काढल्यावर उरतो तो गूढ बोलणारा म्हातारा. कात्री लीनची आणि शिव्या नटाला?

रंगभूषा_नको
तुम्ही दोघंही चेहऱ्यावरच अडलात. गिनेसचं खरं काम रंगाच्या डब्यात नव्हतंच. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये (1957) पत्र्याच्या कोठडीतून बाहेर काढल्यावर कर्नल निकल्सन मैदान ओलांडतो ते आठवा. गुडघे दुमडतायत आणि पाठ लष्करी ताठ. ही चाल त्यांनी पोलिओतून सावरणाऱ्या स्वतःच्या मुलाची उचलली होती. ऑस्कर मिळालं ते असल्या कामाला.

'स्मायलीज पीपल' या टीव्ही मालिकेचा (1982) शेवट घ्या, त्यात गिनेस म्हणजे हेर स्मायली. पुलापाशी शत्रू लायटर टाकून जातो. स्मायलीचाच तो, कधीकाळी या शत्रूने घेतलेला. स्मायली बघतो आणि उचलत नाही. बस. उलट जिथे चेहऱ्यावर काही चढवलं, तिथे घोटाळा. 1948 च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधलं चोरांच्या ज्यू म्होरक्याचं, फेगिनचं, ते नाक! ज्यूंची टवाळी म्हणून इतकी ओरड झाली की अमेरिकेत चित्रपट 1951 मध्ये लागला, तोही कापून.

उशिरा_आलेला
आणि आठ माणसं? ती काय बिनमिशीची होती?

रंगभूषा_नको
ती विनोदी. विनोदात मिशी खोटी दिसली तरी हशाच मिळतो.

विंगेतली
आमच्या आजीचं माहेर गोडबोल्यांचं. टीव्हीवर हा लागला होता तेव्हा तिने नीट बघून एवढंच विचारलं, "हे कुठले म्हणायचे?"

तिसरी_घंटा
आजींना नमस्कार सांगा. उशिरा_आलेला, नाचाचं मनात राहिलं. नकार द्यायला हवा होता हे माझं मत कायम, पण तो कापलेला तुकडा बघायला मिळाला तर 'फेट्याखाली गिनेसच दिसतात' हे वाक्य मागे घ्यायची तयारी आहे.