गोव्यात अठरा होलांचं गोल्फ मैदान हवं का? माझ्या मते नऊ पुरेत

फोंडेकर

नोव्हेंबर लागला की मुंबई-पुण्याच्या मित्रांचे फोन सुरू होतात. "चार दिवस येतोय, कुठे खेळू? काठ्यांचा सेट आणू की तिथे मिळेल?" आणि त्याला जोडूनच, "एवढं पर्यटन आहे तुमच्याकडे, मग धड अठरा होलांचं मैदान का नाही?" वीस वर्षं खेळतोय, म्हणून दोन्हींचं उत्तर एकदाच देतो.

बाहेरून आलेल्याला मनासारखं खेळता येईल असं मैदान म्हणजे काणकोणात राजबागला द ललित हॉटेलचं. नऊ होल, पण प्रत्येक होलाला दोन टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा. दुसऱ्या फेरीत टी बदलते, अंतर बदलतं, कोन बदलतो आणि दोन फेऱ्या मिळून पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ होतो. मोबोरचं बारा होलांचं आणि बाणावलीचं छोटं, ही पार-तीनची, म्हणजे आखूड होलांची मैदानं. तिथे हात साफ होतो, ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, मात्र पिशवीतच राहतो. कुठेही जा, खोली राखण्याआधी फोन करून मैदान चालू आहे ना एवढं विचारा.

"तेच नऊ होल दोनदा काय खेळायचे" असं म्हणणाऱ्यांनी राजबागला सकाळी सातला सुरुवात करून बघावी. पहिल्या फेरीत मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे, मंद. दुसरी फेरी अर्ध्यावर येईपर्यंत खारे वारे सुटतात. सकाळी जिथे सात नंबरच्या आयर्नने चेंडू ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड गवतावर बसला, तिथे अकरा-साडेअकराला त्याहून लांब मारणारी पाच नंबरही कमी पडते. मला तिथल्या एका कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्याने, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "झेंड्याकडे बघू नका, झेंडा खाली आहे. माडाच्या शेंड्याकडे बघा, चेंडू तिथून जाणार." आजही मी काठी निवडण्याआधी झावळ्यांची टोकं बघतो.

आता मोठ्या मैदानाबद्दल. अठरा होलांना साधारण पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते आणि उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात जंगल, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), डोंगरउतार आणि वस्ती वजा केली तर एवढा सलग तुकडा कुणाच्या ना कुणाच्या पोटावर पाय दिल्याशिवाय मिळत नाही. मला हा खेळ जिवापाड आवडतो, आणि तरीही मी म्हणतो, गोव्यात नवं मोठं मैदान नको.

कोथरूडकर

काका, आदर ठेवून विरोध करतो. गोल्फसाठी प्रवास करायचा तो नवी मैदानं खेळायला. टी बदलली तरी ग्रीन तेच, बंकर (वाळूचे खड्डे) तेच, ग्रीनचे उतारही तेच. आम्ही चौघं दरवर्षी निघतो, तीन दिवसांत तीन वेगळी मैदानं हवी असतात. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं आहे, बावधनला ऑक्सफर्डचं आहे. घरी अठरा होल सोडून नऊसाठी विमानाचं तिकीट काढायचं? म्हणून आम्ही बेंगळुरूला जातो, पैसे साठले की थायलंडला. तो पैसा गोव्याला मिळाला असता.

सेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मी सांगतो. आपलाच न्यायचा. भाड्याचा सेट म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून घाट चढणं. माझ्या काठीच्या शाफ्टची, म्हणजे दांड्याची लांबी, ग्रिपची (मुठीची) जाडी, काठीच्या डोक्याचा कोन सगळं मापून घेतलेलं आहे. एकदा विमानातून उतरल्यावर ड्रायव्हरचा शाफ्ट मानेपाशी मोडलेला निघाला. तेव्हापासून डोकं पान्याने सोडवून मोज्यात गुंडाळतो आणि हातातल्या बॅगेत ठेवतो, शिवाय पिशवीत सर्वात उंच काठीपेक्षा उंच अशी एक जाड दांडी उभी ठेवतो. आपटली तर मार दांडीला बसतो.

कोलव्याचा टॅक्सीवाला

फोंडेकर बाब, तुम्ही खेळणारे, मी गाडी चालवणारा. बीचवर येणारा मला एकदा विमानतळावरून आणायला आणि एकदा सोडायला बोलावतो, मधले दिवस भाड्याची स्कूटर घेऊन फिरतो. गोल्फवाला पिशवी स्कूटरवर नेऊ शकत नाही. तो चार दिवस गाडी ठेवतो, करमल घाटातून काणकोणला नेतो-आणतो, बायको-मुलांना वेगळी गाडी लागते. असं गिऱ्हाईक आठवड्याला एक मिळालं तर माझा कर्जाचा हप्ता सुटतो. कॅडी, माळी, खानावळ, धोबी, सगळ्यांना काम. गावातली पोरं आखातात आणि बोटीवर जातात, ती इथे राहिली तर वाईट काय? जमीन जमीन करून सगळंच अडवलं तर आम्ही खायचं काय?

पेडण्याची सून

खायचं काय, हाच प्रश्न तेरेखोलच्या लोकांनी विचारला होता, भाऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेरेखोल हे नदीपलीकडचं गोव्याचं टोक. केरीहून फेरीने जायचं, तिन्ही बाजूंना पाणी किंवा महाराष्ट्र. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी जिथे तिरंगा लावला तो किल्ला तिथलाच. त्या गावाच्या जमिनीवर एका कंपनीने अठरा होलांच्या मैदानाचं रिसॉर्ट आणायचं ठरवलं. ग्रामसभा, कोर्ट, हरित लवाद, पोलीस बंदोबस्त, सगळं त्या लहानशा गावाने बघितलं. कागदावर जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, पण काजू राखली ती कुळांनी. कुळाच्या शेतजमिनीचा वापर बदलता येऊ नये म्हणून १९९१ चा कायदा आहे. तो असतानाही लोकांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले.

माझं माहेर तिथून जवळ. मार्चमध्ये पहाटे आम्ही बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला जायचो. बी पिरगाळून वेगळी करायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडात, तुडवायचे, संध्याकाळी फेणीची भट्टी. कपड्यांचा वास दोन-दोन धुण्यांत जात नसे. त्या दोन-अडीच महिन्यांत शाळेची फी, पावसाळ्याची बेगमी, देवळाची वर्गणी सगळं निघायचं. त्याच उतारावर गवत लावून एका घरातल्या एका मुलाला कॅडी केलं तर त्याची आई, आजी, काकी काय करणार? काजूत तीन पिढ्या एकत्र काम करतात. मैदानात काम एकालाच, तेही मालकाच्या मर्जीवर.

पर्वरीची मास्तरीण

मुली-बायकांना सुरुवातीचा गोल्फ शिकवते, म्हणून सामानाबद्दल. जमिनीच्या बाबतीत मी वरच्या बायच्या बाजूने.

कोथरूडकर, तुमचं विमानाचं तंत्र अगदी बरोबर. पण चौदा काठ्या ही नियमाची वरची मर्यादा आहे, सक्ती नव्हे. गोव्यासाठी सात पुरतात: हायब्रिड, सहा नंबर, आठ नंबर, जवळच्या उंच फटक्यांची पिचिंग वेज, वाळूतून काढायची सँड वेज, ग्रीनवरचा पटर आणि मन मानत नसेल तर ड्रायव्हर. बहुतेक देशांतर्गत विमानांत पंधरा किलो सामान नेता येतं. पूर्ण भरलेली पिशवी एकटीच तेवढी होते, म्हणजे कपड्यांचे पैसे वेगळे. अर्धा सेट सात-आठ किलोंत बसतो. सँड वेज निवडताना तळाचा फुगवटा, ज्याला बाउन्स म्हणतात, तो जास्त असलेली घ्या. मऊ वाळूत कमी बाउन्सची धार खाली रुतते आणि चेंडू तिथेच राहतो.

दुसरं, खारी हवा. माझ्या स्वतःच्या जुन्या कार्बन स्टीलच्या वेज मी एका जूनमध्ये ओल्या टॉवेलसकट पिशवीत विसरले. आठ दिवसांनी चेन उघडली तर खोबणींत नारिंगी गंज आणि ग्रिपवर बुरशीचा पांढरा थर. टूथब्रश आणि खोबरेल घेऊन दुपारभर बसले, तरी एकीचे डाग गेले नाहीत ते नाहीच. आता खेळ झाला की गोड्या पाण्याने पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं आणि मगच कव्हर. चामड्याचा ग्लव्ह दमट हवेत नवव्या होलापर्यंत चिंब होतो, दोन ठेवा आणि आलटून पालटून घाला.

आणि एक गैरसमज. दमट हवा जड, म्हणून चेंडू कमी जातो असं सगळे सांगतात. उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे चेंडू किंचित जास्तच जातो. कमी जातो तो समोरच्या खाऱ्या वाऱ्यामुळे आणि आपल्या घामट हातांमुळे.

कोथरूडकर

अर्ध्या सेटचं पटलं, पुढच्या वेळी करून बघतो. जमिनीचंही समजलो, तेरेखोलचं एवढं ठाऊक नव्हतं. तरी एक विचारतो. शेतीची नको, कुळाची नको, पण बंद पडलेल्या खाणीची जागा? तिथे मैदान केलं तर कुणाचं काय जातं?

फोंडेकर

मुद्दा मोलाचा आहे आणि मी त्यावर विचार केलाय. खाणपट्टा सांगे, केपे, डिचोलीकडे, समुद्रापासून आत. तिथे वरची माती उरलेली नाही, उघडी तांबडी लाल भुकटी आणि दगड. गवत धरायला माती बाहेरून आणावी लागेल, ती पुन्हा कुणाच्या तरी डोंगराची. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. नव्या उतारावरची माती खत आणि कीटकनाशकासकट खालच्या शेतात जाणार. आणि खाणीच्या खड्ड्यांत साठलेलं पाणी आज कितीतरी ठिकाणी शेतीला वापरतात. ते आधी गावाला, मग गवताला. गावाने स्वतः ग्रामसभेत मागितलं तर मी विरोध करणार नाही. बाहेरून नकाशा घेऊन कुणी आलं तर करीन.

आणि नऊ होलांना कमी लेखू नका. २०२४ पासून नऊ होलांचा स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची कुवत दाखवणाऱ्या आकड्यासाठी, लगेच अठराच्या हिशेबात धरला जातो, दुसऱ्या नऊची वाट बघावी लागत नाही.

कोलव्याचा टॅक्सीवाला

बाब, पावसाचं म्हणता ते खरं. चार महिने मैदान भिजलेलं असतं आणि नेमके तेच चार महिने माझी गाडी उभी असते. हा हिशेब मी केला नव्हता. पण ऑक्टोबर ते मे मला गिऱ्हाईक हवंच आहे आणि मोठ्या मैदानाची मागणी मी सोडत नाही. तोवर जे आहे तिथे लोक आणा. तुमच्या मित्रांना सांगा, मोपा विमानतळाचं तिकीट काढू नका. मोपाहून काणकोण म्हणजे अख्खा गोवा उत्तर-दक्षिण कापायचा. दाबोळी विमानतळाला उतरा किंवा रेल्वेने मडगावला या. पिशवी आडवी मावावी म्हणून मी मागची सीट पाडून ठेवतो, आणि सातला खेळ सुरू व्हावा म्हणून पहाटे पाचला दारात उभा असतो.

फोंडेकर

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडकर चौघांना घेऊन येत असतील तर मी बरोबर खेळतो. माझ्याकडे दोन अर्धे सेट आहेत, एक स्टील शाफ्टचा, एक ग्रॅफाइटचा. त्यांनी फक्त बूट, ग्लव्ह आणि आपापला पटर आणावा. गाडी कोलव्याची.