मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीसाठी मोबाईल गेम
मुलगी ७ वर्षांची आहे, रोज अर्धा तास मोबाईल देतो तर त्यात मजा पण येईल आणि काहीतरी शिकेल पण असे गेम कोणते? एक गणिताचा घेतला होता, पण सारख्या जाहिराती आणि तिसऱ्या लेव्हलनंतर पैसे मागायला लागला, ती इतकी रडली की शेवटी काढूनच टाकला. खान अकॅडमी किड्स छान आहे पण ते ८ वर्षांपर्यंतच आहे ना, मग पुढे काय? जीकॉम्प्रिस फुकट आहे, जाहिराती पण नाहीत, कुणाची मुलं खेळतात का? या वयाला बोअर नाही ना होत? नुसतं उत्तर टाका आणि स्टार मिळवा असलं नकोय, तो अभ्यासच झाला, डोकं चालवायला लावणारी कोडी वगैरे असतील आणि नेटशिवाय चालत असेल तर प्लीज नक्की सांगा.