‘लक्षण’, ‘गुण’ की ‘गुणधर्म’?

भाषांतरी : वनस्पतींच्या आनुवंशिकीवर काम केलेल्या स्त्रियांविषयीचा एक लेख मराठीत आणताना मी ‘ट्रेट’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे वैशिष्ट्य, या शब्दापाशी अडले आहे. एडिथ सॉन्डर्स यांनी केसाळ आणि गुळगुळीत पानांच्या रोपांचा संकर करून पुढच्या पिढ्यांत कशी पाने येतात हे तपासले आणि १९०२ साली आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसन यांच्यासह लिहिलेल्या अहवालातून ‘होमोझायगोट’ (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेला जीव), ‘हेटेरोझायगोट’ (दोन प्रती वेगळ्या असलेला) हे शब्द रूढ केले. पानाच्या केसाळपणाला मी ‘लक्षण’ म्हटले होते. ‘लक्षणे रोगाची असतात’ असे सांगून संपादकांनी सगळीकडे ‘गुणधर्म’ केले आणि जाता जाता प्रत्येक ‘संशोधक’मागे ‘महिला’ही जोडले. मला मत हवे आहे ते पहिल्या शब्दाबद्दल.

शेतनोंद : पैदासीच्या प्रक्षेत्रावर मी बरीच वर्षे नोंदी घेतल्या आहेत. वहीतल्या रकान्यावर ‘गुणधर्म’ असे लिहिलेले असायचे, पण बांधावर उभे राहून आम्ही बोलायचो ते ‘या ओळीत बुटकेपणाचा गुण उतरला आहे’ असे. ‘उतरणे’ हे क्रियापद गुणालाच शोभते. लक्षण उतरत नाही, ते दिसते. केसाळ आणि गुळगुळीत यांच्या संकरात पहिल्या पिढीची सगळी पाने केसाळ निघतात आणि दुसऱ्या पिढीत काही रोपांवर गुळगुळीत पाने पुन्हा येतात, तेव्हा मधल्या पिढीत गुळगुळीतपणाचे लक्षण नव्हते, गुण मात्र होता. माझ्या मते दोन्ही शब्द हवेत, आपापल्या जागी.

मूळधातू : भेद सुरेख आहे, पण ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीचे काय करायचे? इथे गुण संगतीने लागतो, रक्तातून येत नाही; जो आनुवंशिक आहे तो वाण, म्हणजे वर्ण. पिकाच्या जातीला आपण ‘वाण’ म्हणतो तोही मला याच ‘वर्णा’चा वाटतो. उलट संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरा असाही अर्थ आहे, त्यामुळे ‘गुणसूत्र’ या शब्दात एकाच वस्तूची दोन नावे शेजारी येऊन बसली आहेत, हे मला फार आवडते.

साधीभाषा : बी-बियाण्याच्या ‘वाणा’ची व्युत्पत्ती इतकी सरळ नसावी. माझी हरकत वेगळी आहे. मक्याच्या आनुवंशिकीवर काम केलेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या मक्याचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. फिकट दाण्यावर जांभळे ठिपके आहेत. रंग देणाऱ्या जनुकात एक तुकडा घुसल्यामुळे दाणा फिका राहिला; दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला की तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी पुन्हा रंगतात. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर टाचणीच्या टोकाएवढा. या ठिपकेदारपणाला ‘गुण’ म्हटले तर वाचक चांगले-वाईट शोधू लागेल. आणि कृपा करून त्या तुकड्यांना ‘उड्या मारणारी जनुके’ लिहू नका. ती जागा बदलतात, तर ‘स्थानबदलू’ म्हणा.

मूळधातू : ‘स्थानबदलू’ हा धेडगुजरी शब्द आहे, ‘स्थानांतरी’ असा सरळ शब्द असताना त्याची गरज काय?

साधीभाषा : आणि ‘पैदास’ कुठून आली? फारसीतूनच ना? तो शब्द चालतो, कारण शेतात तो रोज वापरला जातो.

ओवीकार : मला त्या ‘महिला’बद्दल बोलायचे आहे. मॅक्लिंटॉक यांना १९८३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल एकटीला, कोणाशीही वाटून न घेता मिळाले. त्यांच्यामागे ‘महिला’ लावून आपण काय सांगतो? ‘लेखिका’, ‘गायिका’ आहेत, तशी ‘संशोधिका’ही घडवावी.

शेतनोंद : मग ‘पैदासकार’चे काय करणार? वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांनी कोइंबतूरला उसाचे संकर केले आणि १९४५ साली सिरिल डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा संग्रहग्रंथ सिद्ध केला. त्यांना ‘पैदासकार’ म्हणताना मला काही उणे वाटत नाही. ‘जानकी अम्माळ यांनी केले’ या वाक्यात आदर पुरेपूर आहे.

ओवीकार : आदर आहे, पण त्या वाक्यातून बाई दिसत नाही. नाव परके असेल तर वाचक पुरुषच धरून चालतो, आणि ‘यांनी’ने तो समज मोडत नाही.

भाषांतरी : हे खरे आहे; सॉन्डर्स हे नुसते आडनाव वाचून माझ्या पहिल्या वाचकाने ‘ते’ असेच धरले होते. तेव्हा पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि ‘त्या म्हणाल्या’सारखे एखादे क्रियापद येईल असे पाहते; ‘महिला’ काढून टाकते. पानांच्या परिच्छेदात ‘लक्षण’ आणि ‘गुण’ दोन्ही ठेवते. मात्र तांबेरा या पिकाच्या रोगाला बळी पडणे हाही ‘ट्रेट’च आहे, आणि तिथे ‘बळी पडण्याचा गुण’ लिहायला हात धजत नाही.

शेतनोंद : तिथे आम्ही नाम वापरतच नव्हतो. ‘हा वाण तांबेऱ्याला बळी पडतो’ एवढेच लिहायचो.

मूळधातू : पण ‘वाण’ची व्युत्पत्ती मी सोडलेली नाही. ‘वर्ण’पासून नसेल, तर कशापासून?