सेकंड हँड रोड बाईक (पातळ टायरची, वेगाची सायकल) घ्यायची आहे (कोल्हापूर) : उंची ५ फूट ३ इंच, बजेट २५ हजार

राजारामपुरी_सकाळ :

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर नवऱ्याच्या जुन्या एमटीबीवर (माउंटन बाईकवर) रोज सकाळी बाहेर पडते. राजारामपुरीतनं रंकाळा, रंकाळ्याला दोन फेऱ्या, येताना गंगावेशीतनं दूध घेऊन घरी. आता ग्रुपबरोबर पन्हाळ्याला जायचंय. एकदा प्रयत्न केला होता. जाड टायरच्या त्या सायकलवर वाघबीळपर्यंत पोचेस्तोवरच पाय संपले, घाट राहिलाच.

नवी रोड बाईक परवडणारी नाही. जुन्या दोन नजरेत आहेत.

पहिली इथं शहरातच आहे. अल्युमिनियमची फ्रेम, माप ५४ सेंटिमीटर, गिअरचा सेट शिमानो १०५, दाते पुढं ५३/३९ आणि मागं ११-२५. चकचकीत ठेवली आहे. २४ हजार सांगतात. माप मोठं वाटतंय म्हटलं तर म्हणाले, सीट खाली घेतली की बसतंय.

दुसरी सांगलीत. माप ४९, गिअर शिमानो क्लारिसचे, पुढं ५०/३४, मागं ११-२८. पाच वर्षं जुनी, रंग बऱ्याच ठिकाणी उडालाय. १६ हजार.

१०५ हा वरचा सेट आहे असं सगळे म्हणतात, त्यामुळं मन पहिलीकडं ओढतंय. बघायला जाताना नेमकं काय तपासू?

घाटवाट :

ताई, ५४ ची सायकल बघायलासुद्धा जाऊ नका. हे ठामपणे सांगतोय, कारण मी स्वतः दोन मापं मोठी सायकल घेऊन दीड वर्ष मान आणि कंबर धरून बसलो होतो. विकणाऱ्यानं मलाही हेच सांगितलं होतं की सीट खाली घेतली की झालं. सीट खाली घेऊन उंची जुळते, लांबी जुळत नाही. वरची नळी लांब ती लांबच राहते. मग हँडलपर्यंत पोचायला तुम्ही पुढं ताणून बसता, कोपरं ताठ होतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का खांद्यात येतो. रोड बाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर तर ब्रेक लीव्हरपर्यंत बोटं पोचायची मारामार. उतारावर हे धोक्याचं आहे.

आज घरी एक काम करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक जाड वही दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.६७ नं गुणलं की फ्रेमचं साधारण माप निघतं. तुमच्या उंचीला पायाची आतली लांबी ७३ सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे माप ४९. त्याच आकड्याला ०.८८३ नं गुणलं की पॅडलच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, साधारण साडेचौसष्ट. सांगलीला जाताना टेप न्या आणि चालवून बघायच्या आधी सीट तेवढी करून घ्या. नाहीतर आधीच्या मालकाच्या उंचीवर बसून तुम्हाला काहीच कळणार नाही.

एक-दोन सेंटिमीटर इकडंतिकडं असेल तर हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, लहान घालून जमवता येतं. पाच सेंटिमीटर नाही जमत.

चेनवंगण :

मापाचं वर आलंच आहे. १०५ चा मोह सोडायला अजून एक कारण देतो, दाते मोजा.

पहिल्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर ३९/२५, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक १.५६ वेळा फिरणार. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी जवळजवळ १२ किलोमीटर. पन्हाळ्याच्या चढाला नवख्या माणसाचा १२ चा वेग राहत नाही. मग फेरे पडतात ४० वर आणि सगळा भार गुडघ्यावर. दुसरीचा ३४/२८, तेवढ्याच फेऱ्यात ९ चा वेग. मागं ३२ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बसली तर ८. हा फरक तुम्हाला वळणावळणावर जाणवेल.

आणि ८ गिअरच्या क्लारिसचा मोठा फायदा असा, की ८ स्पीडची कॅसेट एमटीबीचीसुद्धा चालते. स्वस्त असते, चेनही स्वस्त आणि सहज मिळणारी. ३२ घालायची असेल तर मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरनं दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात, लांब आहे का ते आधी बघून घ्या. आखूड पिंजऱ्याला ३२ झेपेलच असं नाही.

उद्यमनगर_टर्नर :

माझं आयुष्य लोखंड आणि अल्युमिनियममध्ये गेलंय, म्हणून फ्रेमचं मी सांगतो.

सायकल उलटी करा. हँडलची नळी जिथं खालच्या तिरक्या नळीला जोडली आहे, तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवा. सायकल समोरून कुठं धडकली असेल तर जोडाच्या मागं दोन-तीन सेंटिमीटरवर रंगाला बारीक सुरकुती येते किंवा नळी किंचित फुगलेली लागते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. सुरकुती लागली की टेप गुंडाळून घरी या, भाव करत बसू नका. दुसऱ्या खुणा म्हणजे ब्रेक लीव्हरची बाहेरची टोकं घासलेली, सीटची एकच कड फाटलेली, मागचा डिरेलर आत झुकलेला. नुसती उभ्याउभ्या पडली असेल तरी यातलं काही दिसतं, त्याला घाबरू नका. डिरेलर फ्रेमला जिथं टांगलेला असतो तो हँगर सरळ होतो किंवा बदलता येतो.

कोणी म्हणालं की फ्रेमला क्रॅक होता पण उद्यमनगरात वेल्ड मारून घेतलाय, तर अजिबात घेऊ नका. आमच्याकडं वेल्डिंग उत्तम होतं, प्रश्न कारागिराचा नाही. बऱ्याच सायकलींची फ्रेम ६०६१ अल्युमिनियमची असते आणि कारखान्यात वेल्ड झाल्यावर ती पूर्ण भट्टीत घालून कडक केलेली असते. नंतर वेल्ड मारला की त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग मऊ पडतो आणि पुढचा क्रॅक तिथनंच जातो. स्टीलच्या फ्रेमची गोष्ट वेगळी, ती नीट जोडता येते.

आता चाकं. उचलून फिरवा आणि ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यातली फट बघा. चाक थोडं डुलत असेल, म्हणजे आऊट असेल, तर तो काढून मिळतो. पण रिमवर जिथं ब्रेक घासतो तिथं नखानं खड्डा लागत असेल तर रिम संपली. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा, हँडलपाशी खट् झालं तर तिथं प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. क्रँक (पॅडलचा दांडा) हातानं आडवा ढकला, तिथंही तेच. छर्रे-बेअरिंग बदलणं महाग नाही, पण भाव करताना उपयोगी पडतं. आणि सीटची दांडी सैल करून वरखाली सरकते का बघाच. आपल्या पावसात चार महिने फिरलेल्या सायकलची दांडी जाम होऊन बसते, आणि मग ती काढताना फ्रेम जाते.

चेन मोजायला घरातली स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. एक सूत पुढं गेली, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर चेनबरोबर कॅसेटही गेली असं धरा.

बिंदू_चौक :

मूळ बिल मागा. पॅडलच्या अक्षाखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, त्याचा फोटो काढा आणि साध्या कागदावर तो नंबर, रक्कम, तारीख लिहून विकणाऱ्याची सही घ्या. नंबर खरवडलेला असेल तर परत फिरा.

राजारामपुरी_सकाळ :

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं, आतली लांबी ७२.५ आली. तरी पहिली बघायला गेलेच, घराजवळ होती म्हणून. बसले तर हँडल पार लांब. आणि उलटी करून बोट फिरवलं तेव्हा जोडाच्या मागं खरंच बारीक लाट लागली. त्यांना विचारलं, त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. त्यांनीही बोट फिरवलं आणि गप्प झाले. चांगले गृहस्थ होते, त्यांनीही ती कोणाकडून तरी जुनीच घेतली होती.

काल सांगलीला जाऊन आले. सीट साडेचौसष्टवर करून अर्धा तास चालवली. कोपरं वाकलेली राहिली, ब्रेक पूर्ण हातात आले. फ्रेम स्वच्छ, दांडी सरकली, रिमला खड्डा नाही. चेन मात्र पट्टीवर सूतभर पुढं. त्यांच्यासमोरच मोजली, त्यामुळं घासाघीस करावीच लागली नाही, साडेतेरावर दिली. बिल होतं, नंबर जुळला. पिंजरा लांब निघाला म्हणून ११-३२ कॅसेट, चेन, ब्रेकची रबरं आणि सगळ्या केबल्स बदलायला टाकल्यात.

आता टायरचं विचारते. २५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, कडेला बारीक चिरा दिसतात. २८ घालू का?

घाटवाट :

चिरा आहेत म्हणजे बदलाच, घाटाच्या उतारावर तो टायर नको. ब्रेकच्या कमानीखाली जागा असेल तर २८ घाला. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा उखडलेल्या असतात, तिथं २५ वर हाल होतात. हवाही कमी ठेवता येते, तुमच्या वजनाला ७० पीएसआयच्या आसपास पुरे.

आणि वॉल्व्ह बघून घ्या. पातळ प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, नखाएवढा असतो. एक वॉल्व्हलाच लावून ठेवा आणि एक सीटखालच्या पिशवीत, जादा ट्यूबबरोबर. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही शिवाजी पुलावरनं निघतोय, केर्लीपर्यंत आणि परत. सायकल तयार झाली तर या.